पिकलेलं पडवळ आणि मावशीचे डोळे

रोजच्या वाचनात आपण तेराव्या अध्यायात आहोत आणि आज 'जरा' या शब्दापाशी आलो. ज्ञान म्हणजे काय हे सांगताना भगवंत एक लक्षण असं सांगतात की जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि आजारपण यांतला दोष माणसानं पुन्हा पुन्हा बघावा. श्लोकात म्हातारपणाला मिळालेली जागा एवढीच, दोन अक्षरं. माउली मात्र तिथे थांबतात आणि अंगाचा, चेहऱ्याचा एकेक भाग घेऊन तो पुढे कसा होणार आहे ते सांगत जातात.

आज अंगावर जो भरदारपणा आहे तो वाळलेल्या काचरीसारखा होईल. फुलांच्या वासाला सोकावलेलं नाक उंटाच्या गुडघ्यासारखं दिसेल. कमळाच्या पाकळ्यांशी स्पर्धा करणारे डोळे पिकलेल्या पडवळासारखे होतील. भुवयांची कातडी झाडाच्या जुन्या सालीसारखी लोंबेल आणि डोळ्यांतून गळणाऱ्या पाण्यानं छाती कुजेल. पुढे तोंड, दात, ओठ, आवाज, काहीच सुटत नाही.

शहरात पडवळ कोवळं असतानाच येतं, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांनी पिकलेलं बघितलं नसेल. आमच्या झरीत परसातल्या मांडवावर एखादं तोडायचं राहून गेलं की ते नारिंगी होतं, मऊ पडतं आणि स्वतःच्याच वजनानं लोंबत राहतं. एकदा ते बघितलं की माउलींनी दुसरी कुठलीही भाजी का नाही घेतली हे कळतं.

आणि हे सांगणाऱ्याचं वय बघा. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे 1290. नेवाशाला ती सांगितली तेव्हा माउलींनी विशीही ओलांडलेली नव्हती, आणि 1296 साली तर आळंदीला समाधी. म्हणजे हे डोळे त्यांना स्वतःला कधी आलेच नाहीत. त्यांनी ते दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर बघितले असणार. गोदावरीकाठच्या कुठल्यातरी आजीच्या, कुठल्यातरी थकलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे इतकं टक लावून बघितल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

या ओव्या मी मागे एकदा वाचत होतो, त्याच आठवड्यात झरीहून मावशीचा फोन आला. झरी म्हणजे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव. मावशीचं वय 54. काका जाऊन दोन वर्षं झालीत. ती गावातल्या भजनी मंडळात आहे, हरिपाठ तोंडपाठ, एकादशी चुकत नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अरे, डोळ्याखालचं हे फुगलेलं काढून देतात म्हणे. खरंय का? आणि ते काढलं तर पाप लागतं का रे?"

मी विचारलं, तुला का काढायचंय? तर म्हणाली, "जो भेटतो तो विचारतो, रडलीस का? झोप येत नाही का? मंदिरात गेलं तरी तेच, बाजारात गेलं तरी तेच. सगळे म्हणू लालेत, आता सावर स्वतःला. अरे मी कवाच सावरलेय. मी रडायची थांबले, हे तोंड थांबंना."

तिच्याकडे पोस्टातली पाच वर्षांची आरडी सुटलेली होती. पैशाचा प्रश्न नव्हता, प्रश्न लोकांचा होता. तिनं ही गोष्ट घरात काढली तेव्हा एका नातेवाईकानं विचारलं, "आता कुणासाठी?" नवरा गेलेल्या बाईनं चेहऱ्याकडे लक्ष दिलं की आपल्याकडे हा प्रश्न विचारायचा हक्क सगळ्यांना आपोआप मिळतो. दुसऱ्यानं ऐकवलं की देह नाशवंत आहे, तू तर वारकरी. (हे म्हणणारे गृहस्थ दर पंधरा दिवसांनी मिशीला कलप लावतात. असो.)

मला हा 'देह नाशवंत' वाला मुद्दा मनाला लागला, कारण तो आपल्याच पोथीतून उचललेला आहे. माउलींनी म्हातारपणाचं एवढं वर्णन केलंय म्हणजे त्याला हात लावायला बंदी केलीय, असं खरंच आहे का?

गीतेतला शब्द 'अनुदर्शन' असा आहे. दर्शन म्हणजे बघणं, अनु म्हणजे मागोमाग, पुन्हा पुन्हा. किळस करणं असा त्याचा अर्थ नाही. कीर्तनात कधीकधी हा भाग रंगवताना देह म्हणजे घाण, कातड्याची पिशवी असा सूर लागतो, आणि लोकही मान डोलावतात. मला तो सूर पटत नाही. किळस आली की माणूस तोंड फिरवतो. तोंड फिरवलं की बघणं संपलं. इथे तर पुन्हा पुन्हा बघायला सांगितलंय. आणि माउली ते का बघायला लावतात? तर कान ऐकतायत, पाय चालतायत, तोवर जे करायचं ते करून घे, म्हातारपण दाराशी आल्यावर धावपळ करू नको, म्हणून. म्हणजे हे वर्णन घाबरवायला किंवा लाजवायला केलेलं नाही, माणूस तयार राहावा म्हणून केलंय.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट रोज करतो. काही बिघडलं की आधी लॉग वाचतो. न वाचता पॅच टाकणारा मुलगा टीममध्ये सगळ्यांना माहीत असतो आणि रात्री दोन वाजता फोनही त्याच्यामुळेच येतात. मावशीला मी म्हटलं, पाप-पुण्य नंतर बघू. आधी डोळ्याखाली नक्की आहे काय ते बघू.

आणि बघायला लागलं की कळतं की 'डोळ्याखालची पिशवी' ही एक गोष्ट नाहीच. डोळ्याचा गोळा खोबणीत चरबीच्या गादीवर बसलेला असतो. ती चरबी पुढे येऊ नये म्हणून एक पातळ पडदा असतो. वयानं तो पडदा सैल होतो आणि चरबी पुढे ढकलली जाते. ही खरी पिशवी. वर बघितलं की ती जास्त उठून दिसते आणि दिवसभर साधारण तेवढीच राहते. दुसरं म्हणजे पाणी. सकाळी जास्त, दुपारी कमी, आदल्या रात्री पापड-लोणचं झालं असेल तर आणखी जास्त. तिसरं म्हणजे फुगवटा नसून खळगा. पापणी आणि गाल यांच्यामध्ये चर पडते, तिची सावली पडते आणि आपल्याला वाटतं वरचं फुगलंय. चेहऱ्यावर समोरून उजेड पाडला की ती सावली बरीचशी जाते. चौथं म्हणजे कातडीच सैल. चिमटीत धरून सोडली की सावकाश जागेवर जाते. कधी नुसता काळेपणा असतो, फुगवटा नसतोच. आणि बहुतेकांना यातलं एक नाही, दोन-तीन गोष्टी मिळून असतात.

याशिवाय डोळे सुजण्याचं कारण थायरॉईड किंवा मूत्रपिंडातही असू शकतं. म्हणून मावशीला सगळ्यात आधी परभणीत तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त, लघवी, थायरॉईड, रक्तदाब. सगळं ठीक निघालं. हे पाऊल वगळून थेट चेहऱ्याच्या क्लिनिकमध्ये जाऊ नका, एवढं मी तुम्हालाही सांगेन.

आता उपाय. यातही दोष बघायचा असतोच. दोष फक्त देहात असतो आणि उपाय निर्दोष असतो असं गीता कुठे म्हणत नाही.

बोटॉक्स सगळ्यांना नावानं माहीत आहे. ते स्नायू सैल करतं, त्यामुळे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या किंवा कपाळावरच्या आठ्या कमी होतात. तीन-चार महिन्यांनी असर उतरतो. पुढे आलेली चरबी त्यानं मागे जात नाही, त्यामुळे पिशवीवर ते औषधच नाही. फिलर म्हणजे बहुधा हायल्युरॉनिक ॲसिडची जेल. ती खळगा भरते. खळगा हेच दुखणं असेल तर चांगलं काम करते, पण पिशवी मोठी असेल तर तिच्या खाली भर घातल्यानं चेहरा आणखी जड दिसू शकतो. कातडीच्या अगदी वरच्या थरात जेल पडली तर निळसर झाक दिसते. आणि क्वचित, अगदी क्वचित, जेल रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरू शकते किंवा दृष्टी जाऊ शकते. म्हणून ही जेल विरघळवणारं इंजेक्शन त्याच खोलीत तयार आहे का, हे विचारायला लाजू नये. लेझर आणि पील कातडीचा पोत सुधारतात, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ते जोरात मारले तर काळे डाग मागे राहतात. क्रीमनं कातडी थोडी सुधारते, चरबी तसूभरही हलत नाही, मग जाहिरात काहीही म्हणो.

राहिली शस्त्रक्रिया. खालच्या पापणीची. ती दोन वाटांनी होते. एक, पापणीच्या आतल्या गुलाबी बाजूनं जाऊन चरबी काढायची किंवा खाली खळग्यात पसरून बसवायची. बाहेर टाका नाही, व्रण नाही, पण सैल कातडी तशीच राहते. दुसरी, पापणीच्या केसांखाली बारीक छेद घेऊन चरबीबरोबर जादा कातडीही काढायची. इथे निकाल जास्त ताणलेला दिसतो, पण कातडी जास्त काढली गेली तर पापणी खाली ओढली जाते, डोळा नीट मिटत नाही, कोरडा पडतो. दोन्हींत सूज आणि काळं-निळं एक-दोन आठवडे राहतं. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन नजरेला धोका, हाही क्वचितचा पण खरा दोष. फायदा हा की निकाल वर्षानुवर्षं टिकतो, दर वर्षी इंजेक्शनला जावं लागत नाही.

हे सगळं मी मावशीला दोन संध्याकाळी फोनवर सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "हे कळालं. पण माझ्या पहिल्या प्रश्नाचं काय?"

त्या प्रश्नासाठी मला लांब जावं लागलं नाही. आपला परभणी जिल्हा म्हणजे जनाबाईंचा जिल्हा, गंगाखेड त्यांचं. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल दळण दळतो, शेण्या वेचतो हे सगळ्यांना पाठ आहे. पण जनीच्या डोईनं तिला बेजार केलं आणि विठाबाई धावत येऊन तिचे केस सोडवत बसली, हेही त्यातच आहे. बघा हं, दासी म्हणून राबणारी बाई, दिवसभर दुसऱ्याच्या घरचं काम, केसांचा गुंता झालाय. देव तिला म्हणत नाही की जने, केस नाशवंत आहेत. देव मांडी घालून बसतो आणि गुंता काढतो. भागवताच्या दहाव्या स्कंधात मथुरेची कुब्जाही आहे. तीन ठिकाणी वाकलेली. कंसासाठी उटणं घेऊन निघाली होती, ते तिनं कृष्णाला दिलं. कृष्णानं तिच्या पावलांवर पाय ठेवला, दोन बोटं हनुवटीखाली धरली आणि तिला सरळ केलं. तिनं तेव्हा मागितलंही नव्हतं. या दोन्ही गोष्टींत देवाला शरीराची लाज वाटलेली दिसत नाही.

मी हे सांगत होतो आणि मावशी मध्येच म्हणाली, "आणि पांडुरंगाला वज्रलेप करतात ते?"

मी गप्पच झालो. पंढरपूरला शतकानुशतकं पायांवर डोकी टेकून, अभिषेक होऊन मूर्तीची झीज झाली, म्हणून विठ्ठल-रुक्मिणीला वेळोवेळी वज्रलेप केला जातो. 2020 मध्ये मंदिर बंद असताना पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तो केला होता. मूर्तीला हात लावावा की नाही यावर तेव्हा आणि त्याआधीही वाद झाले. शेवटी कुणीतरी जबाबदार माणसानं बघून, मोजून, जेवढं लागतं तेवढंच केलं. मावशीला मी म्हटलं, तुझा मुद्दा अर्धा बरोबर आहे. वज्रलेप झीज थांबवायला असतो. विठ्ठलाला तरुण करायला कुणी जात नाही. ती म्हणाली, "मग मलाही कुठं तरुण व्हायचंय? मला फक्त रडलेली दिसायचं नाही."

मला वाटतं तिचा निर्णय त्याच वाक्यात झाला.

इथे जरा एक जुनी गोष्ट सांगतो, कारण 'हे सगळं पाश्चात्त्य फॅड आहे' असंही एकानं तिला सांगितलं होतं. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी वळवून कापलेलं नाक परत करण्याची कृती आहे. आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये पुण्याची एक हकीकत छापून आली. कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकायला होता. 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. जवळपास वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नाक करून दिलं. दोन इंग्रज डॉक्टर ते बघत होते. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली, आणि आज जगभर कपाळाच्या कातडीनं नाक करण्याच्या पद्धतीला भारतीय पद्धत म्हणतात. तेव्हा चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचा एक मोठा रस्ता आपल्या पुण्याहूनच गेलाय. कावसजीला कुणी 'कुणासाठी?' असं विचारलं नसेल. चार माणसांत बसायला चेहरा लागतो, एवढं सगळ्यांना कळत होतं. मावशीच्या पिशव्या म्हणजे कापलेलं नाक नव्हे, हे मान्य. पण चार माणसांत बसणं तिलाही आहेच.

मग माणूस शोधायचं काम. यात मी जरा कडक आहे. हल्ली पार्लरमध्येही फिलर टोचतात, डेंटलच्या जाहिरातीतही गालाच्या घड्या दिसतात. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं केस-रोपण आणि सौंदर्य शस्त्रक्रिया कुणी कराव्यात याबद्दल सूचना काढल्या, त्यात स्पष्ट म्हटलंय की यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत बघून घेतलेलं हे पुरेसं प्रशिक्षण नव्हे. अशी गोष्ट आयोगाला लिहून सांगावी लागते, यातच सगळं आलं. पापणीच्या शस्त्रक्रियेसाठी प्लास्टिक सर्जन किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांतले पापणीचं काम खास शिकलेले. इंजेक्शन आणि लेझरसाठी त्वचारोगात एमडी केलेले किंवा प्लास्टिक सर्जन. नोंदणी क्रमांक विचारायचा. स्वतःच्या हातानं केलेल्या, आपल्या वयाच्या, आपल्या रंगाच्या पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो मागायचे. आणि पहिल्याच भेटीत 'आज केलंत तर सवलत' असं म्हणतील तिथून चप्पल घालून निघायचं.

मावशीला असंच एक ठिकाण आधी भेटलं होतं. तिथल्या बाईंनी पाच मिनिटांत डोळ्याखाली, गालाला, हनुवटीला असं सगळं मिळून पॅकेज सांगितलं. मावशी म्हणाली, "मी एक भांडं कल्हईला नेलं, ती अख्खं घर कल्हई करू लाली."

मग आम्ही परभणीहून रेल्वेनं संभाजीनगरला एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी तिला वर बघायला लावलं, खाली बघायला लावलं, पापणी हलकेच ओढून सोडली, डोळ्यांत पाणी किती आहे ते कागदाची पट्टी लावून बघितलं. काय काय औषधं घेतेस विचारलं, काढे-चूर्णंसुद्धा, कारण काहींनी रक्त पातळ होतं. त्यांच्या मते मावशीची मुख्य गोष्ट चरबी होती, कातडी थोडीच सैल. फिलरचा त्यांनी स्वतःच नकार दिला. दोन्ही वाटा समजावून सांगितल्या आणि म्हणाले, बाहेरून केलं तर सुरकुत्याही कमी होतील, आतून केलं तर सुरकुत्या राहतील पण धोका कमी. घरी जाऊन विचार करा.

घरी जायची गरज पडली नाही. ती म्हणाली, "सुरकुत्या राहू द्या. चोपन्नची आहे मी."

मग त्यांनीच नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतच्या घडीबद्दल विचारलं, तिचं काही करायचंय का. ती घडी गाल खाली उतरल्यानं, आतली चरबी कमी झाल्यानं आणि आयुष्यभर हसल्या-बोलल्यानं पडते. फिलरनं वर्षभर-दीड वर्ष उथळ करता येते. मावशीनं आरशात बघितलं. म्हणाली, "ही तर भजन म्हणू म्हणू पडलीय. ही कशाला काढायची? ही बघून कुणी मला विचारत नाही की रडलीस का."

मला या क्षणी तेरावा अध्याय पहिल्यांदा नीट कळल्यासारखं झालं. एकाच चेहऱ्यावरच्या दोन गोष्टी, दोन्ही म्हातारपणाच्याच, आणि तिनं एकेकीकडे वेगळं बघितलं. एक खोटं बोलते, ती नको. दुसरी खरं बोलते, ती असू दे. चेहरा आवडत नाही म्हणून सगळाच बदलून टाका हे जसं न बघणं आहे, तसंच देह नाशवंत म्हणून कशालाच हात लावू नका हेही न बघणंच आहे. दोन्हीकडे माणूस आरशापासून पळतोय.

तुमच्यापैकी बरेच जण पंचविशी-तिशीतले आहात, म्हणून दोन शब्द तुमच्यासाठी. आमच्या टीममधला एक मुलगा, वय 26, दिवसभर व्हिडिओ कॉलमध्ये स्वतःचाच चौकोन बघून बघून डोळ्याखाली फिलर करायच्या बेतात होता. फोनचा कॅमेरा हातभर अंतरावरून नाक मोठं दाखवतो, वरचा ट्यूबलाइट डोळ्याखाली सावली पाडतो, आणि समोर फिल्टर लावलेला स्वतःचाच चेहरा तुलनेला असतो. हे दर्शन नव्हे. या वयात डोळ्याखाली काही असेल तर बहुधा घराण्याचं असतं, नाहीतर झोप, ॲलर्जी, सारखे डोळे चोळणं. वडिलांचा लग्नातला फोटो काढून बघा, तिथे तेच डोळे सापडतील. मग ठरवा. करूच नका असं मी म्हणत नाही. फक्त ज्या दिवशी कॅमेऱ्यावर चिडला असाल त्या दिवशी अपॉइंटमेंट घेऊ नका. आणि आपल्या मराठवाड्याच्या उन्हात चेहऱ्याला रोज सनस्क्रीन लावा, टोपी घाला. या सगळ्या यादीतला सर्वात स्वस्त उपाय तोच आहे आणि त्याची जाहिरात कुणी पॅकेजमध्ये करत नाही.

मावशीची शस्त्रक्रिया कार्तिकी एकादशीनंतर ठरली आहे, म्हणजे वारीही चुकणार नाही आणि ऊनही उतरलेलं असेल. 'कुणासाठी' विचारणाऱ्या नातेवाईकांना तिनं तारीख सांगून टाकलीय. वर हेही सांगितलंय की बघायला येणार असाल तर दोन आठवड्यांनी या, आधी आलात तर खरंच रडल्यासारखी दिसेन.

डॉक्टरांनी सूचनांचा कागद दिला. बर्फानं शेकायचं, उशी उंच घ्यायची, डोळे चोळायचे नाहीत, काही दिवस जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. मावशी 'वाकायचं नाही' या ओळीवर अडली. डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, मग देवाला नमस्कार कसा करू?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "पांडुरंग स्वतःच उभा आहे की मावशी. तुम्हीही उभ्यानंच हात जोडा."

उद्या याच ओवीगटात पुढे 'व्याधी' वाचू.

राम कृष्ण हरी.